एसी चालू होता

माझ्या ताब्यातल्या सर्व्हर रूममधले नवे प्रोसेसर मी मुद्दाम हळू चालवतो. चुकून नाही, माहिती नाही म्हणून नाही, आणि आमचे मालक चारचौघांत म्हणतात तसं भित्रेपणाने तर नाहीच. भित्रा मी होतो, पण ती मशिनं पूर्ण वेगाने चालत होती तेव्हा. आता नाही.

या अंकासाठी संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या होत्या. एकदोन सांगतोही. पण दोन वर्षांपासून एक गोष्ट माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, आणि तिला दुसरी जागा उरलेली नाही. म्हणून ती इथे लिहितो.

सर्व्हर रूम म्हणजे काय, हे बावीस वर्षांत मी माझ्या आईला समजावू शकलो नाही. लोह्याजवळच्या आमच्या गावात ती सांगते, "पोरगं लातुरात थंड खोलीत बसतंय अन् मशिनी राखतंय." खरं तर यापेक्षा चांगली व्याख्या मलाही येत नाही. उदगीरच्या दवाखान्यात काढलेला सीटी स्कॅन नांदेडचे डॉक्टर त्यांच्या खोलीत बसून बघतात. क्लासची मुलं मोबाइलवर सराव परीक्षा देतात आणि लगेच गुण दिसतात. हे सगळं कुठेतरी एका खऱ्या मशीनवर चालतं. त्यातलं थोडं लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या खोलीत चालतं. कपाटासारखी लोखंडी चौकट असते, तिला रॅक म्हणतात. तिच्यात सर्व्हर एकावर एक बसवलेले असतात, ताटाळ्यात ताटं लावावीत तसे. पुढून थंड हवा आत जाते, मागून गरम हवा बाहेर पडते. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात मावते.

सर्व्हरमधलं खरं काम प्रोसेसर करतो. त्याची एक खोड बाहेरच्यांना ठाऊक नसते. विहिरीवरची मोटर वीज खाते आणि पाणी वर चढवते. प्रोसेसर काहीच वर चढवत नाही. जेवढी वीज आत गेली, तेवढी उष्णता होऊन बाहेर येते. सगळीच्या सगळी. आमच्या जुन्या सर्व्हरमधले दोन प्रोसेसर मिळून दोन-तीन छताच्या पंख्यांएवढी वीज घ्यायचे. नव्यातले दोन पूर्ण जोरात निघाले की घरातल्या इस्त्रीएवढी घेतात, आणि ही इस्त्री कुणी मधे बंद करत नाही.

म्हणून नवा प्रोसेसर वाईट, असं मी म्हणणार नाही. बारा जुने सर्व्हर जे काम करायचे ते नवे दोन करतात, आणि तेवढ्या कामाला एकूण वीजही कमी लागते. पण बारा सर्व्हरांत पसरलेली उष्णता आता हातभर उंचीच्या जागेत कोंडते. आणि वेगाचा शेवटचा तुकडा फार महाग पडतो. नांदेड रस्त्यावर मोटारसायकल ऐंशीने चालवा आणि मग नव्वदने. पोचायला थोडीच मिनिटं कमी लागतात, पेट्रोल मात्र भसाभस जातं आणि इंजिनाजवळ पाय धरवत नाही. प्रोसेसरचं तसंच आहे. शेवटचा थोडा वेग सोडून दिला तर बरीच वीज वाचते. त्यासाठी मशीनच्या सेटिंगमध्ये एक आकडा भरायचा असतो, एवढ्या वॅटच्या वर जायचं नाही म्हणून. त्याला आम्ही मर्यादा म्हणतो.

नवे सर्व्हर बसवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. हुशार आणि सभ्य. मी त्याला मर्यादेचं विचारलं तर म्हणाला, "सर, हा प्रोसेसर पळत काम संपवतो आणि झोपतो. झोपेत वीज कमी. तुम्ही हळू चालवलात तर तो जागाच राहील, उलट जास्त खाईल."

"आमच्याकडे तो झोपणार कधी?" मी म्हटलं. "दिवसभर दवाखाने, संध्याकाळी सराव परीक्षा, मग सगळ्याचा बॅकअप."

"मग पाण्यावरचं कूलिंग घ्या."

आमच्या शेजारी एक माणूस स्टुलावर उभा राहून एसीच्या जाळ्या काढत होता. तो वरूनच म्हणाला, "साहेब, ह्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. मशिनीला आन् कुठून पाजणार?"

तो रफीकभाई. रफीक शेख, मूळ कंधारचे, आमच्या खोलीचे एसी बघायचे. खोली बांधली तेव्हापासून बघायचे. त्यांच्याकडे तापमान मोजायचं यंत्र होतं, पण ते गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं. स्वतःसाठी ते हाताची मागची बाजू एसीपुढे धरायचे आणि आकडा सांगायचे. मी यंत्र लावून बघायचो. अर्ध्या अंशाच्या वर कधी चुकले नाहीत. त्यांची दुसरी पद्धत होती वर्तमानपत्राची पट्टी. बोटभर रुंद पट्टी फाडून ती रॅकच्या पुढच्या जाळीसमोर धरायची. पट्टी जाळीला चिकटली तर मशीन हवा ओढतंय. लोंबत राहिली तर हवा कुठेतरी अडलीय. नवे सर्व्हर आले त्या दिवशी त्यांनी पट्टी धरली आणि ती हातातून सुटून फट्‌कन जाळीवर बसली.

"कांबळे साहेब," ते म्हणाले, "हे लई हवा खातंय. ह्याच्या तोंडापुढं कागद बी धरू नका."

त्या इंजिनिअरने सर्व्हर 'पूर्ण कामगिरी' या सेटिंगवर ठेवले, एक दिवस जोरात चालवून दाखवले, आणि मी सही केली. जानेवारी होता. जानेवारीत लातुरात कुणीही सही करील.

आता गमतीची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला मशिनींची पूजा होते. मालकांच्या आई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, स्वतः येऊन करतात. मालकांच्या वडिलांची डाळमिल होती, तिथे चाळणीपासून काट्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं. तीच रीत आक्कांनी सर्व्हर रूमला लावली. पहिल्या वर्षी त्यांनी रॅकपुढे चार उदबत्त्या लावल्या आणि धुराची घंटा वाजली. सगळी एमआयडीसी जमा झाली. घंटा थांबेना म्हणून मालक पुजेतलं ताम्हण उलटं करून तिच्यावर दाबून उभे राहिले. त्या वर्षापासून उदबत्ती बाहेर ओट्यावर लागते. धुराने आरडाओरडा केला म्हणून धुराचा धडा सगळे शिकले. हार आरडाओरडा करत नाही.

जुन्या सर्व्हरांच्या रॅकला दर दसऱ्याला झेंडूचे हार पडायचे आणि संध्याकाळपर्यंत राहायचे. कधी काही झालं नाही. ती मशिनं जेमतेम श्वास घेत, पाकळ्यांच्या फटींतून घेत. नव्या रॅकचा पहिला दसरा आला तेव्हा आक्कांनी हार जाडजूड करवून आणले होते. शिवाय एक जरीचा शेला. नवीन मशीन घरात आलंय तर त्याला शेला पांघरायला हवा, असं त्यांच्या मनात होतं. वरच्या कडेला तो खोचला आणि खाली सोडला. त्यावर हार. दोन्ही नवे सर्व्हर त्याच्या आड गेले.

मी तिथे चार हातांवर उभा होतो.

इथे मला एक सांगावं लागेल. आमचं घर बौद्ध आहे, आजोबांपासून. मी पूजा करत नाही आणि कुणी करत असेल तर मधे पडत नाही. पुजेच्या वेळी मी दाराशी उभा राहतो, पेढा घेतो, आक्कांना नमस्कार करतो. त्या मला लेकरासारखं वागवतात. पण मी हाराला हात लावला असता तर ओट्यावर जमलेल्या वीसपंचवीस माणसांत त्याचा अर्थ काय झाला असता, हे मला न शिकवता कळतं. "ह्याला पूजा खुपते." कुणी तोंडावर म्हणालं नसतं. म्हणून मी गप्प राहिलो आणि मनाला सांगितलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. माणसं गेली की काढू.

माणसं गेली नाहीत. मालकांनी एका मोठ्या क्लासच्या संचालकांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यांचं काम आमच्याकडे यावं म्हणून. ओट्याला लागूनच्या खोलीत मोठा पडदा लावून त्यावर नव्या सर्व्हरचा वेग दाखवत होते. हिरवी रेघ वर वर जात होती. जेवणाची पंगतही तिथेच बसली.

मी माझ्या टेबलाशी बसून दुसरी रेघ बघत होतो, प्रोसेसरच्या तापमानाची. सव्वाअकरा वाजता ती नेहमीच्या जागेपासून हलली. साडेअकराला पंख्यांचा आवाज बदलला. सर्व्हरचे पंखे पूर्ण जोरात गेले की शिट्टी वाजवल्यासारखा आवाज येतो. काचेच्या दारातून तो मला ऐकू येत होता. पंखे शेल्याला आत ओढत होते आणि शेला जाळीला घट्ट चिकटला होता, रफीकभाईंच्या पट्टीसारखा.

हाराला हात न लावताही मी ते थांबवू शकत होतो. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. माझ्यासमोर कीबोर्ड होता. मर्यादेचा आकडा भरला असता तर अर्ध्या मिनिटात उष्णता उतरली असती. पण मग शेजारच्या पडद्यावरची हिरवी रेघही खाली आली असती, पाहुण्यांच्या देखत, आणि मालक उठून माझ्याकडे आले असते. त्यांनी 'का' म्हणून विचारलं असतं, आणि मग मला हाराचं सांगावं लागलं असतं. दोन वाटा होत्या. एका वाटेवर आक्का बसल्या होत्या, दुसरीवर मालक. मी दीड तास आकडा चढताना बघत बसलो.

पाऊण वाजता पहिला सर्व्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला. त्याचं सगळं काम, ठरल्याप्रमाणे, दुसऱ्यावर गेलं. दुसराही त्याच शेल्याच्या आड. दुप्पट काम, तीच कोंडलेली हवा. तो दहा मिनिटं टिकला.

मग मी धावलो. शेला ओढून काढला, हार तुटला, पाकळ्या जमिनीभर झाल्या. हे आजही अंगावर येतं: खोली थंडगार होती. माझे हात गार पडले होते. रॅकच्या मागे मात्र भट्टी होती. एसी आपलं काम बिनचूक करत होता आणि थंड हवा शेल्याबाहेर उभी होती.

सगळं पुन्हा सुरू व्हायला पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत उदगीरला गाडीवरून पडलेला एक माणूस आला होता. डोक्याला मार. स्कॅन झाला, पण नांदेडच्या डॉक्टरांना तो दिसेना. शेवटी त्याला रिपोर्टशिवायच अँब्युलन्समधून लातूरला पाठवलं. तो वाचला. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. त्याचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

दवाखान्याने लेखी कारण मागितलं. मालक म्हणाले, "कांबळे, पुजेबिजेचं काही लिहू नका. लोक हसतील."

"मग काय लिहू?"

"तापलं होतं ना? तापलं म्हणजे एसी. तसंच लिहा."

आणि मी लिहिलं. 'वातानुकूलन यंत्रणेतील तात्पुरत्या बिघाडामुळे.' खाली माझी सही, शेजारी कंपनीचा गोल शिक्का. लिहिताना माझ्या समोर नोंदींचा छापील कागद होता. खोलीचं तापमान दिवसभर सरळ रेघ, प्रोसेसरचं डोंगर. ज्याला वाचता येतं त्याला एका नजरेत कळावं. तो कागद मी खणात ठेवला. फाडला नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलता येईल.

पुढच्या आठवड्यात रफीकभाईंना यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं. फोन मीच केला. "मालकांनी दुसऱ्याला दिलंय," म्हणालो. ते म्हणाले, "बरं साहेब. डाव्या एसीच्या पाइपला पुढच्या महिन्यात फोम बदला, तेवढं सांगा त्यांना." त्या दवाखान्याच्या चार शाखांचे एसीही त्यांच्याकडे होते. माझं पत्र तिथे गेलं होतं. ते कामही गेलं. लातुरात या धंद्यात माणसं थोडी आहेत आणि बातमी सगळ्यांना पोचते: ह्याच्या हातचा एसी पडला आणि दवाखाना बंद झाला.

फोन केला त्याच संध्याकाळी मी मर्यादा घातली. कुणाला विचारलं नाही. मग महिनाभर मोजत बसलो. सराव परीक्षेचा सगळ्या मुलांचा मिळून जो निकाल दहा मिनिटांत लागायचा तो पावणेअकरा मिनिटांत लागू लागला. सीटी स्कॅन उघडायला लागणाऱ्या वेळात मला घड्याळ लावूनही फरक सापडला नाही. मीटरवरचा सर्व्हरांचा आकडा मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरला. लाइट गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या पूर्वी अकरा मिनिटं पुरायच्या, त्या सतरा मिनिटं पुरू लागल्या. आमचा जनरेटर हिवाळ्यात कधीकधी तिसऱ्या हाकेला ओ देतो. त्या सहा मिनिटांची किंमत पुण्याच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो बाळगायचा मला हक्क नाही, कारण हे सगळं मी रफीकभाई गेल्यावर केलं. पुढच्या दसऱ्याला तर मी रजा टाकली. रॅकच्या खोलीला कुलूप लावून चावी घेऊन गेलो. आक्कांनी हार कुलपाला घातला.

यंदा उन्हाळ्यात आक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला बोलावून म्हणाल्या, "बाबा, तो रफीक का येईना रे? ईदला शीरखुर्मा आणून द्यायचा. दोन वर्सं झाली, न्हाई आला."

मी म्हटलं, "मालकांनी दुसरा माणूस ठेवलाय."

"त्यानं काय केलं होतं?"

मी तिथेच, ओट्यावर, सगळं सांगितलं. शेला, हार, दीड तास, पत्र. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अरे, मग मला सांगायचं ना. मी काय हार दाराला घातला नसता?"

त्या मनापासून म्हणाल्या. मी त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. आक्कांनी खरंच दाराला घातला असता. पण ओट्यावर आक्का एकट्या नव्हत्या. माझी भीती मी हवेतून आणली नव्हती. तिला मी दोष देत नाही. पत्रावरच्या सहीला देतो. भीतीने माणूस गप्प राहतो, ते समजू शकतं. दुसऱ्याच्या नावावर लिहून द्यायला मात्र पेन हातात धरावं लागतं.

त्या रविवारी मी कंधारला गेलो. रफीकभाईंचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. फ्रीज आणि कूलर दुरुस्त करतात. एका कूलरच्या पोटात डोकं घालून बसले होते.

"या साहेब," बाहेर न येताच म्हणाले. "आवाजावरून ओळखलं. लातूर सोडून इकडं कुठं? गार खोलीत करमेना का?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसून सांगायची लाज वाटत होती. खणातला कागदही नेला होता, तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, खोलीच्या तापमानाच्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं.

"बावीस," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी हात लावून मी बावीसच सांगितलं होतं."

"तुम्ही पुजेच्या वेळीही होतात तिथे?"

"होतो की. जाळ्या धुऊन बसवल्या, पेढा खाल्ला. शेला बी बघितला." कागदाची नीट घडी करत ते म्हणाले, "मला कळलं होतं साहेब. हे गुदमरणार. तुमच्याकडं बघून राहिलो होतो. म्हटलं, साहेब इन्चार्ज हायत, बोलतील. तुम्ही खाली बघत होता."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

ते हसले. "मी? दसऱ्याच्या पुजेत हाराला हात घालू? मी रफीक शेख?"

खोलीत मशीन कळणारी माणसं दोनच होती. दोघांनाही दिसत होतं, आणि दोघांनीही हात मागेच ठेवले होते.

"पुन्हा या आमच्याकडे," मी म्हटलं. "मी मालकांशी बोलतो."

"काम नको. इथं बरं हाय. कूलरची कुणी पूजा करत न्हाई." मग हसणं थांबवून म्हणाले, "कागद पायजे. आधी लिहिला तसाच, पण आता खरा. शिक्का मारून. दवाखान्यात दाखवीन, इथं लॅमिनेट करून लावीन. माझा पोरगा हाच धंदा शिकून राहिलाय. त्याला लोक विचारतात, तुझ्या बापानं एसी पाडला व्हता म्हणे."

मी दुसऱ्या दिवशी खरं पत्र लिहिलं, सही केली आणि मालकांपुढे ठेवलं. शिक्का त्यांच्या खणात असतो.

त्यांनी वाचलं. "दोन वर्षांनी हे उकरायचं कारण?"

"त्याचं नाव खराब झालंय. माझ्या सहीने."

"आणि आता कंपनीचं होईल त्याचं काय?" ते खुर्चीत मागे टेकले. मालक वाईट माणूस नाहीत. मुंबई-पुण्याची मोठमोठी डेटा सेंटरं सगळी गिऱ्हाइकं ओढून नेत असताना त्यांनी लातुरात ही खोली जिवंत ठेवलीय, पंधरा घरं तिच्यावर चालतात. "बरं, मारतो शिक्का. पण एक काम तुम्हीही करा. ती मर्यादा काढा. तो क्लासवाला पुन्हा येतोय, चाचणी घेणार आहे. मला पूर्ण वेग पाहिजे. तुम्ही मर्यादा काढा, शिक्का घेऊन जा."

मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. एक आकडा पुसायचा होता आणि एका माणसाचं नाव परत येणार होतं. मी म्हटलं, उद्या सांगतो, आणि बाहेर येऊन रफीकभाईंना फोन लावला. त्यांच्याच नावाचा सौदा चालला होता, तर त्यांना विचारायला नको?

सगळं ऐकून ते म्हणाले, "मे महिना हाय साहेब. बाहेर त्रेचाळीस. पहिल्या उन्हाळ्यात कसंबसं निभावलं, तवा काम आजच्याएवढं नव्हतं. आता मर्यादा काढली तर दोन्ही एसी मिळून तेवढी उष्णता ओढत न्हाईत, तुम्हाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. मशीन पुन्हा पडंल. मग पुन्हा कुणावर येईल? एसीवाल्यावर. आता जो पोरगा येतो ना तुमच्याकडं, त्याच्यावर. मर्यादा काढू नका."

"मग शिक्का?"

"राहू द्या शिक्का."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना नाही म्हणालो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदाच बोललो. "मर्यादा काढायची असेल तर तुम्ही काढा," मी सांगितलं. "पासवर्ड तुमच्याकडेही आहे. पण वहीत तारीख, वेळ आणि तुमचं नाव लिहून काढा. माझी सही त्याला मिळणार नाही. आणि हा क्लासवाला पाऊण मिनिटासाठी जाणार असेल, तर मी स्वतः त्याच्यासमोर बसतो आणि विचारतो की लाइट गेल्यावर त्याला सतरा मिनिटं हवीत की अकरा."

ते म्हणाले, "फार बोलायला लागलात, कांबळे."

"उशिरा लागलो," मी म्हटलं.

मर्यादा अजून आहे. रोज सकाळी पहिल्यांदा मी तोच आकडा बघतो. मला काढलं जाईल का, माहीत नाही. हे छापून आल्यावर कदाचित. काढावं. जिथे जाईन तिथली मशिनंही मी हळूच चालवीन. आक्कांनी सांगितलंय की यंदाचा हार कोपऱ्यातल्या जुन्या बंद सर्व्हरला घालायचा. त्याला आता हवा लागत नाही, आणि इतकी वर्षं पाकळ्यांतून श्वास घेऊन त्याने कधी तक्रार केली नव्हती. पूजा झाल्यावर नव्या रॅकपुढे वर्तमानपत्राची पट्टी धरायची, असं मी सगळ्यांदेखत करणार आहे. कुणाला त्याचा जो अर्थ लावायचा तो लावू दे.

आता खालचं पत्र. मालकांपुढे ठेवलं होतं तेच आहे.

'दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या दिवशी लातूर येथील आमचे दोन्ही सर्व्हर दुपारी बंद पडले. त्या वेळी खोलीतले दोन्ही एसी चालू होते आणि खोलीचं तापमान दिवसभर बावीस अंश होतं. सर्व्हर बंद पडले ते समोरून येणारी हवा कापडाने व हारांनी अडली म्हणून, आणि प्रोसेसर पूर्ण वेगावर ठेवले होते म्हणून. हे दोन्ही मला दिसत होतं व दोन्ही थांबवणं माझं काम होतं. एसीची देखभाल करणारे श्री. रफीक शेख यांच्या कामात कोणताही दोष नव्हता. याआधी मी दिलेलं कारण खोटं होतं. – कांबळे'

रफीकभाई, हे पान कापून घ्या आणि लॅमिनेट करा. सहीच्या जागी माझं नाव आहे. शेजारी शिक्क्याएवढी जागा मोकळी सोडायला मी संपादकांना सांगितलंय. मालकांना कधी वाटलंच, तर दुकान कंधारला आहे, बसस्टँडच्या मागे.